नॅस अचानक बंद पडल्यावर: अ‍ॅडॅप्टरच्या शोधापासून फायलींच्या पडताळणीपर्यंत

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीचा बॅकअप चालू असतानाच, आमच्या घरातले नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली साठवणारे यंत्र, एकाएकी बंद पडले आणि ते पुन्हा पूर्णपणे कामाला लागेपर्यंत एप्रिलचा मध्य उजाडला. या काळात काय काय करावे लागले, कशाला किती वेळ गेला आणि कोणत्या क्षणी हात आवरणे महत्त्वाचे ठरले, हे मी क्रमाने लिहून ठेवते आहे. ज्यांच्यावर हा प्रसंग आजच ओढवला असेल त्यांनी निदान पहिल्या तासात घाबरून काही करू नये, हा यामागचा मुख्य हेतू आहे. वीज तुटल्याने जितका डेटा जातो त्यापेक्षा अधिक डेटा वीज तुटल्यानंतरच्या घाईमुळे जातो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आधी यंत्राविषयी थोडे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आमचे नॅस दोन डिस्कचे आहे. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या या डिस्क रेड-१ पद्धतीने जोडलेल्या आहेत, म्हणजे एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते; यालाच मिरर म्हणतात. घरातल्या लॅपटॉपचा बॅकअप रोज रात्री तिथे जातो, फोनमधली छायाचित्रे जातात, आणि जुना संगणक निकामी होण्याआधी त्यावरून हलवलेली कागदपत्रे, स्कॅन व आईच्या आवाजातली काही ध्वनिमुद्रणेही तिथेच आहेत. यंत्राला वीज एका बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरमधून मिळते, तो अ‍ॅडॅप्टर यूपीएसवर आहे, आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडलेली आहे.

त्या रात्री लॅपटॉपवर बॅकअप थांबल्याची सूचना आली म्हणून पाहायला गेले, तर नॅसवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. शेजारचा राउटर मात्र नेहमीसारखा चालू होता, आणि तोही त्याच यूपीएसवर असल्यामुळे यूपीएसकडून येणारी वीज तुटली असण्याची शक्यता तिथेच मावळली. बटण एकदा दाबल्यावर निळा दिवा क्षणभर लुकलुकला, आत डिस्क फिरू लागल्याचा बारीक आवाज आला आणि सगळे पुन्हा शांत झाले. छातीत धस्स झाले, हे सांगायलाच हवे. आईची ध्वनिमुद्रणे इतरत्र कुठेही नाहीत, हा विचार पहिल्यांदा आला आणि तोच बराच वेळ डोक्यात राहिला.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. त्याला फोन केला तेव्हा त्याने पहिले वाक्य हे सांगितले: "ताई, आता बटण दाबू नकोस. वायर काढून ठेव आणि आधी जे दिसलं ते लिहून काढ." या सूचनेमागचे कारण त्याने नंतर नीट समजावले. पुरवठा अपुरा असताना यंत्र पुन:पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक वेळी डिस्क अर्धवट वेग घेतात, त्यांची हेड (तबकडीवर वाचणारी-लिहिणारी टोके) बाहेर येण्याच्या बेतात असतात आणि तेवढ्यात वीज पुन्हा तुटते. एकदा वीज तुटणे डिस्कला सहसा सोसते, पण ओळीने दहा वेळा तुटणे हा निष्कारण दिलेला ताण आहे. त्यामुळे मी अ‍ॅडॅप्टरचे पिन यंत्रातून काढले आणि कागदावर लिहून ठेवले: बंद पडल्याची वेळ, त्या वेळी कोणते काम चालू होते, कोणता दिवा कसा लुकलुकला, आवाज कसा आला. कंपनीच्या मदत केंद्राने पुढे विचारलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या कागदावर होती, म्हणून ही पायरी कोणीही वगळू नये.

त्याच रात्री आणखी दोन कामे केली. लॅपटॉपवरचे आपोआप होणारे बॅकअप थांबवले, कारण नॅस अर्धवट जिवंत झाले तर त्यावर लगेच लिहिणे सुरू व्हायला नको होते. घरातल्या सर्वांना सांगितले की पुढची सूचना मिळेपर्यंत फोनमधले एकही छायाचित्र किंवा लॅपटॉपवरची एकही फाइल पुसायची नाही. मग नॅसवरच्या ऐवजाची यादी करायला बसले आणि तिचे दोन भाग केले: ज्याची मूळ प्रत दुसरीकडे आहे ते, आणि जे फक्त इथेच आहे ते. ही विभागणी फार उपयोगी ठरली. पहिल्या भागाची चिंता त्या क्षणीच संपली. दुसऱ्या भागापुरते मात्र हे यंत्र बॅकअप उरलेलेच नव्हते, तेच मूळ झाले होते. दोन डिस्कवर एकच मजकूर असला तरी त्या एकाच पेटीत, एकाच अ‍ॅडॅप्टरवर आणि एकाच मदरबोर्डवर असतात, आणि एकीवर चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते, हे मिररविषयी नेहमी ध्यानात ठेवायला हवे.

झोप लागेना म्हणून वीज तुटल्यावर आत नेमके काय घडते ते वाचत बसले, आणि त्या वाचनाने मोठा धीर दिला. आताच्या हार्ड डिस्कमध्ये वीज अचानक तुटली तरी फिरणाऱ्या तबकड्यांमध्ये उरलेल्या गतीपासून मोटर थोडी वीज तयार करते आणि तेवढ्या विजेवर हेड तबकडीवरून बाजूला नेऊन ठेवले जाते. डिस्क या प्रसंगाची नोंदही ठेवते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यात १९२ क्रमांकाचा आकडा बहुतेक डिस्कवर त्यासाठीच असतो. म्हणजे हेड आपटून तबकडी खरवडली जाईल ही जी भीती वाटते, ती एका वेळच्या वीज तुटण्यापुरती बरीचशी अनाठायी आहे.

खरा प्रश्न लिहिणे अर्धवट राहण्याचा असतो. बहुतेक घरगुती नॅस लिनक्स या कार्यप्रणालीवर (विंडोजसारख्या) चालतात, आणि लिनक्स आलेला मजकूर आधी मेमरीत ठेवून थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते; नेहमीच्या मांडणीत हा अवधी ३० सेकंदांच्या आसपास असू शकतो. वीज तुटली की एवढा शेवटचा भाग जातो. पण फाइल कुठे आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, किती मोठी आहे ही मांडणी सहसा वाचते, कारण ईएक्सटी-४ सारखी फाइल प्रणाली असे बदल आधी जर्नलमध्ये नोंदवते आणि मग जागेवर करते. जुना हिशेबनीस आधी रोजकीर्द लिहायचा आणि मग खतावणी करायचा. खतावणी अर्धी राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येई, तसेच हे आहे. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल प्रणालींची रीत वेगळी आहे. त्या जुन्या जागी लिहीतच नाहीत. नवा मजकूर नव्या जागी लिहितात आणि तो पूर्ण झाल्यावरच जुन्याचा ताबा सोडतात.

मिररमध्ये आणखी एक शक्यता उरते. एका डिस्कवर लिहून झाले आणि दुसरीवर व्हायच्या आत वीज गेली, तर दोघींमध्ये तेवढ्या जागी फरक पडतो. पुढच्या वेळी चालू झाल्यावर यंत्राला हा प्रसंग कळतो आणि ते दोन्ही डिस्क पुन्हा जुळवून घेते. तीन किंवा अधिक डिस्कच्या रेड-५ मध्ये हाच प्रकार अधिक नाजूक असतो, कारण तिथे पॅरिटीचा, म्हणजे गेलेला मजकूर परत काढण्यासाठी ठेवलेल्या जादा माहितीचा, हिशेब चुकलेला राहू शकतो आणि नेमकी त्या अवस्थेत एखादी डिस्क गेली तर चुकीचा मजकूर तयार होऊ शकतो. आमच्याकडे रेड-१ असल्याने तेवढी काळजी नव्हती. एकूण हिशेब असा झाला की त्या रात्रीचा लॅपटॉपचा बॅकअप गेला असणार, बाकी बहुधा सगळे जागेवर आहे. हे कळल्यावर मी निवांतपणे पुढचे ठरवू शकले.

भाऊ शनिवारी आला आणि तपासणीला सुरुवात झाली. यंत्र चालते का आणि डेटा नीट आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर डिस्कला हात न लावता शोधायचे, हे त्याचे सूत्र. यूपीएसच्या नोंदीत त्या रात्री वीज गेल्याची किंवा बॅटरीवर गेल्याची कोणतीही घटना नव्हती. त्याच सॉकेटमध्ये दिवा लावला तर तो लागला. अ‍ॅडॅप्टरवरचा हिरवा दिवाही लागत होता. मल्टिमीटरने अ‍ॅडॅप्टरच्या पिनवर व्होल्टेज मोजले तर ते १२ व्होल्टच्या किंचित वर, म्हणजे अगदी जसे असायला हवे तसे निघाले.

याच ठिकाणी अनेक जण फसतात, असे त्याने सांगितले, आणि या लेखातली सर्वांत कामाची तांत्रिक गोष्ट बहुधा हीच आहे. मोकळा अ‍ॅडॅप्टर बरोबर व्होल्टेज दाखवतो, याचा अर्थ तो चांगला आहे असा होत नाही. आमच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, ५ अँपिअर असे छापलेले होते, म्हणजे क्षमता ६० वॉट. साडेतीन इंची डिस्क स्थिर फिरत असताना फार वीज घेत नाही, पण थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना ती १२ व्होल्टच्या तारेवर २ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या आणि त्यात मदरबोर्ड मिळवला, की अ‍ॅडॅप्टरची जवळजवळ पूर्ण क्षमता लागते. सतत गरम राहणाऱ्या अ‍ॅडॅप्टरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) वर्षांनुवर्षांत सुकत जातात, आणि मग तो बिनभाराचा ठीक दिसतो पण भार पडताच ढासळतो. दिवा क्षणभर लागणे, डिस्क फिरू लागणे आणि लगेच सगळे बंद होणे ही त्याचीच खूण होती.

त्याची खातरजमा आम्ही दोन प्रकारे केली. आधी डिस्क बाहेर काढल्या. काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवून कप्प्याचा क्रमांक लिहिला, डिस्कच्या लेबलचे छायाचित्र घेतले आणि दोन्ही डिस्क मऊ कापडावर, चुंबक व स्पीकरपासून दूर ठेवल्या. रिकामे यंत्र अ‍ॅडॅप्टरला जोडून चालू केले, तर ते चालू राहिले आणि डिस्क नसल्याचा इशारा देणारा नारिंगी दिवा लागला. म्हणजे मदरबोर्ड जिवंत होता. हा क्षण फार सुखाचा होता.

दुसरी चाचणी भाराची. भावाने गाडीचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे दोन बल्ब आणले होते. असा एक बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज घेतो. एक बल्ब जोडल्यावर अ‍ॅडॅप्टर तग धरून राहिला, पण दुसरा जोडताच व्होल्टेज १० च्याही खाली घसरले आणि दोन्ही बल्ब लुकलुकू लागले. डिस्कना १२ व्होल्टमध्ये साधारण ५ ते १० टक्क्यांपर्यंतचीच घट चालते, त्यामुळे निदान तिथेच पक्के झाले. ही चाचणी करताना बल्ब फार तापतात, त्यामुळे ते चिनी मातीच्या बशीत ठेवावेत, आणि हे काम फक्त १२ व्होल्टच्या बाजूला करावे. अ‍ॅडॅप्टरचे कवच कोणीही उघडू नये. आतल्या मेन्सच्या बाजूच्या कपॅसिटरवर वायर काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या घरातला विजेचा दाब असू शकतो. ज्यांच्याकडे मल्टिमीटर किंवा अशी मदत नाही, त्यांना डिस्क काढून यंत्र चालू करून पाहण्याची पहिली चाचणी एकट्याने करता येते आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते.

आता वॉरंटी. यंत्र वॉरंटीत होते, पण खरेदीचे बिल शोधायला गेले तर त्याची स्कॅन प्रत बंद पडलेल्या नॅसवरच होती. सुदैवाने विक्रेत्याच्या जुन्या ईमेलमध्ये ते सापडले. बिल, यंत्राच्या तळाशी छापलेला सिरियल नंबर आणि डिस्कचे सिरियल नंबर यांची एक प्रत यंत्राबाहेर, ईमेलमध्ये किंवा कागदावर असायला हवी, ही नोंद मी त्याच दिवशी केली. दुसरी गोष्ट: नॅस आणि त्यातल्या डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर वॉरंट्याही वेगळ्या असतात, त्यांची मुदत वेगळी असते, आणि एकीकडची तक्रार दुसरीकडे चालत नाही.

उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. सिरियल नंबर, बिल, यंत्राच्या तळाचे छायाचित्र, अ‍ॅडॅप्टरच्या लेबलचे छायाचित्र आणि दोषाचे वर्णन एवढे लागले. तक्रार क्रमांक लगेच आला, उत्तर मात्र काही दिवसांनी आले, आणि त्यात दुसरे सॉकेट वापरून पाहा, बटण दहा सेकंद दाबून ठेवा अशा प्राथमिक सूचना होत्या. त्या सगळ्या करून झाल्याचे मी मुद्देसूद लिहिले आणि बल्बच्या चाचणीचे आकडे सोबत दिले. त्यानंतर त्यांनी संपूर्ण यंत्र पाठवायला सांगितले. रिकामे यंत्र चालते आहे आणि दोष फक्त अ‍ॅडॅप्टरचा आहे, तेव्हा केवळ अ‍ॅडॅप्टर बदलून मिळावा, अशी विनंती केल्यावर प्रकरण दुसऱ्या विभागाकडे गेले आणि तिथे पुन्हा तीच छायाचित्रे मागितली गेली. हा काळ चिडचिडीचा होता. तरी प्रत्येक उत्तर त्याच तक्रार क्रमांकाच्या ईमेलमध्ये दिल्याने सगळा पत्रव्यवहार सलग राहिला आणि शेवटी तोच उपयोगी पडला. फोनवर बोललेले कोणालाच सापडत नाही. मार्च संपता संपता मंजुरी आली. जुना अ‍ॅडॅप्टर पाठवण्याचा खर्च माझा, नवा पाठवण्याचा त्यांचा, आणि जुना पोचल्यावर नवा निघणार, अशी अट होती.

ज्यांना पूर्ण यंत्र पाठवावे लागेल त्यांनी डिस्क आपल्याकडेच ठेवाव्यात. बहुतेक कंपन्याही तसेच सांगतात, कारण दुरुस्तीच्या वेळी डिस्कवरच्या मजकुराची हमी कोणी घेत नाही.

अ‍ॅडॅप्टरची वाट पाहत असतानाच एका सरकारी अर्जासाठी स्कॅन केलेला एक दस्तऐवज तातडीने हवा झाला आणि तो फक्त नॅसवर होता. वाट पाहणे शक्य असते तर मी डिस्कला हात लावला नसता. रेड-१ चा फायदा असा की एकाच डिस्कवरूनही सगळे वाचता येते, पण ती साध्या संगणकाला जोडली तर विंडोज ती ओळखत नाही आणि डिस्क इनिशिअलाइज किंवा फॉरमॅट करायची का असे विचारते. त्या प्रश्नाला होकार देणे म्हणजे आपल्या हाताने डिस्कवरची मांडणी पुसणे. म्हणून पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स वापरले. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, त्यामुळे स्वतःचा वीजपुरवठा असलेला डॉक (सुटी डिस्क संगणकाला जोडायचे उपकरण) भावाकडून आणला आणि दुसऱ्या कप्प्यातली डिस्क त्यात बसवली.

लिनक्समध्ये एमडीएडीएम या साधनाने रेड फक्त वाचण्यापुरते जुळवले आणि मग त्यावरची फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी उघडली. यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे: ईएक्सटी-४ केवळ वाचनासाठी उघडली तरी ती जर्नलमधल्या अपुऱ्या नोंदी आधी पुऱ्या करायला जाते, म्हणजे डिस्कवर लिहू पाहते. ते टाळण्यासाठी नोलोड हा पर्याय द्यावा लागतो. एवढी काळजी अशासाठी की एका डिस्कवर काही लिहिले गेले आणि दुसरी तशीच राहिली, तर दोघींवरच्या नोंदींचे आकडे वेगळे होतात आणि नॅस पुढे त्यांतल्या एकीला जुनी ठरवून तिच्यावर सगळे नव्याने उतरवायला घेते. काही यंत्रांत रेडवर एलव्हीएमचाही, म्हणजे डिस्कवरच्या जागेची वाटणी करणारा, थर असतो, तो वेगळा सुरू करावा लागतो. फोल्डर एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, असतील तर किल्ली बाहेर कुठेतरी जपून ठेवलेली असल्याशिवाय हा मार्गच बंद. आमचे फोल्डर साधे होते. दस्तऐवज मिळाला, आणि त्याच बैठकीत आईची ध्वनिमुद्रणे लॅपटॉपवर उतरवून त्यांतली दोन ऐकली. त्यानंतरच्या वाट पाहण्यात काही धाकधूक राहिली नाही, इतकी मी निर्धास्त झाले.

ही पायरी ज्यांना अवघड वाटेल त्यांनी ती टाळावी, आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणीही करू नये. तशी डिस्क बंद ठेवून डेटा वाचवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. तो खर्च अनेकदा संपूर्ण यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे फक्त इथेच असलेल्या ऐवजाची यादी हातात असली की तो करायचा की नाही हे शांतपणे ठरवता येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा अ‍ॅडॅप्टर आला. कंपनीचा असूनही त्यावरचे आकडे जुन्याशी ताडून पाहिले. बाहेरचा कोणी पर्यायी अ‍ॅडॅप्टर घेणार असेल तर चार गोष्टी पाहाव्यात: व्होल्टेज अगदी तेवढेच हवे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाची ध्रुवता तीच हवी, आणि पिनचा आतला व्यास तोच हवा. साडेपाच मिलिमीटरच्या पिनमध्ये आतला व्यास २.१ आणि २.५ मिलिमीटर असे दोन प्रकार सर्रास मिळतात. त्यांतला चुकीचा एखादा बसल्यासारखा वाटतो पण सैल राहतो, आणि हात लागताच वीज पुन्हा तुटते. बल्बची चाचणी नव्या अ‍ॅडॅप्टरवर केली तेव्हा दोन्ही बल्ब असतानाही व्होल्टेज १२ च्या जवळच राहिले.

पहिल्यांदा यंत्र चालू करताना नेटवर्कची केबल मुद्दाम जोडली नाही, म्हणजे घरातले कोणतेही उपकरण त्यावर लगेच काही लिहायला येणार नव्हते. डिस्क आपापल्या कप्प्यात, पट्टीवरचा क्रमांक पाहून, बसवल्या. यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागला. ही वाट पाहणे कठीण होते, पण दिवे लुकलुकत असताना आत फाइल प्रणालीची तपासणी चालू असते, आणि अशा वेळी बटण दाबून यंत्र बंद करणे हे नवे संकट ओढवून घेणे ठरते. शेवटी बीप वाजली. केबल थेट लॅपटॉपला जोडून आत गेले, तेव्हा मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते अशी सूचना होती आणि दोन्ही डिस्क जुळवण्याचे काम सुरू झालेले होते. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट वाचायला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि डिस्कच्या आतल्या वर्तुळांवर वेग कमी होतो, म्हणून ते काम रात्रभर चालू दिले. ज्या यंत्रांत कुठे लिहिणे चालू होते याची नोंद ठेवणारा बिटमॅप असतो, तिथे हे काम काही मिनिटांतही आटपते.

सकाळी दोन्ही डिस्कचा स्मार्ट तक्ता पाहिला. खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) दाखवणारा ५ क्रमांक, वाचताना अडलेले सेक्टर दाखवणारा १९७ आणि न वाचता आलेले दाखवणारा १९८, हे तिन्ही शून्य होते. १९२ चा आकडा अर्थातच वाढलेला होता. १९९ क्रमांक केबलच्या किंवा जोडणीच्या चुकांचा असतो. तोही शून्य निघाला. त्यानंतर विस्तृत स्मार्ट चाचणी लावली, जी पूर्ण डिस्क वाचत असल्याने पुन्हा तितकेच तास घेते. दोन्ही डिस्क तीत उत्तीर्ण झाल्या.

एवढे झाले तरी फायली नीट आहेत हे त्याने सिद्ध होत नाही. मी वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमधली छायाचित्रे, स्कॅन आणि ध्वनिमुद्रणे उघडून पाहिली, आणि ज्यांच्या मूळ प्रती लॅपटॉपवर होत्या त्यांच्या चेकसमची, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यांची, तुलना केली. सगळे जुळले. लॅपटॉपच्या बॅकअपचे मात्र अपेक्षेप्रमाणेच झाले: सॉफ्टवेअरने त्याची शेवटची साखळी, म्हणजे एकावर एक अवलंबून असलेल्या बॅकअपची मालिका, अपूर्ण ठरवली आणि नवा पूर्ण बॅकअप घ्यायला सांगितले. जुनी साखळी पुसण्याचा पर्यायही लगेच समोर होता, पण नवा बॅकअप पूर्ण होऊन त्यातून एक फोल्डर परत मिळवून पाहीपर्यंत मी ती तशीच ठेवली. तोवरच्या जुन्या आवृत्त्या तिच्यातून वाचता येत होत्या. वायफायवरून पूर्ण बॅकअप संथ चालतो, म्हणून लॅपटॉप राउटरला केबलने जोडला.

मग यूपीएसकडे वळले. इतका चांगला यूपीएस असताना हे झालेच कसे, असे मला अनेकांनी विचारले. यूपीएस भिंतीतल्या विजेची जबाबदारी घेतो. त्याच्या पुढे असलेला अ‍ॅडॅप्टर निकामी झाला तर त्याला काहीच करता येत नाही. तरीही त्याची गरज कमी होत नाही, कारण घरातली वीज जाणे हे अ‍ॅडॅप्टर जाण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा घडते. यूएसबी केबल जोडलेली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नॅसच्या मांडणीत यूपीएसचा पर्याय चालू आहे का, आणि वीज गेल्यावर किती मिनिटांनी यंत्र स्वतःहून नीट बंद होणार आहे, हे पाहावे. मी पाच मिनिटे ठेवली आहेत. बॅटरी संपत येईपर्यंत थांबणारा पर्याय मला पसंत नाही, कारण जुन्या बॅटरीचा उरलेला वेळ यूपीएस अनेकदा जास्त दाखवतो. त्यातली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते, आणि उष्ण जागी त्याहून कमी. एका दुपारी, कोणताही बॅकअप चालू नसताना, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहिला. पाच मिनिटांनी नॅस शिस्तीने बंद झाले, वीज परत आल्यावर आपोआप सुरू झाले, आणि या वेळी नीट बंद न झाल्याची सूचना आली नाही.

अ‍ॅडॅप्टर पूर्वी कपाटामागे केबलच्या जुडग्यात होता, तो आता हवा खेळेल अशा उघड्या जागी आहे. तसाच आणखी एक अ‍ॅडॅप्टर विकत घेऊन ठेवला, ज्याची किंमत एका डिस्कच्या तुलनेत फारच थोडी आहे. वॉरंटीची सगळी प्रक्रिया पाहता, ज्यांना यंत्र रोज लागते त्यांनी हा खर्च आधीच करावा असे मी आग्रहाने सांगेन.

शेवटचे काम तिसऱ्या प्रतीचे. यादीतल्या दुसऱ्या भागातला सगळा ऐवज मी दोन बाह्य डिस्कवर एन्क्रिप्ट करून उतरवला. एक डिस्क घरात असते आणि दुसरी भावाकडे, आणि दर तीन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करायची असे ठरले आहे. एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर छापून एक प्रत माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवली आहे. एप्रिलच्या मध्याला भाऊ पहिली डिस्क घेऊन गेला. त्याने ती त्याच्या संगणकाला जोडली, कागदावरची किल्ली घालून उघडली आणि त्यातली एक फाइल वाचता येते हे कळवल्यानंतरच मी लॅपटॉपवर तात्पुरती उतरवलेली प्रत काढून टाकली.